शाप नव्हता, हिशेब चुकत होता!

अमेरिकेतील सेंट लुईस येथे २७ ऑक्टोबर २००४ रोजी रात्री आकाशात खग्रास चंद्रग्रहण सुरू असतानाच बोस्टन रेड सॉक्स हा बेसबॉल संघ विश्वविजेता ठरला. चंद्राला ग्रहण लागले आणि बोस्टनचे ग्रहण सुटले! या संघाने त्याआधीचे विजेतेपद १९१८ मध्ये पटकावले होते. मधल्या ८६ वर्षांत आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच प्रतीक्षेत वाढल्या. साहजिकच या विजयाचे वर्णन ‘शापमुक्ती’ या एका शब्दात केले गेले. हा शब्द आकर्षक आहे. तथापि, तो तितकाच दिशाभूल करणाराही आहे. शापाची कथा एकदा स्वीकारली, की चुकीच्या निर्णयांची जबाबदारी कोणावरच येत नाही. २००४ चा हंगाम संस्मरणीय ठरतो तो नेमका याच कारणाने. बोस्टनचे दुर्दैव म्हणून जे सांगितले जात होते, त्यातील बराचसा भाग माणसांनी केलेल्या चुकांचा होता, हे त्या सात महिन्यांनी दाखवून दिले.

नऊ डावांचा खेळ, १६२ सामन्यांचा हंगाम

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकासाठी या खेळाची थोडी ओळख आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. चेंडू टाकणारा तो पिचर आणि टोलवणारा तो बॅटर. चौकोनाच्या कोपऱ्यांवरील ‘बेस’ क्रमाने गाठत खेळाडू मूळ जागी परतला की एक धाव होते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर तो ‘होम रन’. पिचरने ठरावीक कक्षेबाहेर टाकलेले चार चेंडू बॅटरने सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात. पिचर चेंडू टाकत असताना धावपटूने पुढचा बेस गाठला, तर त्याने तो बेस ‘चोरला’ असे म्हटले जाते. नऊ डावांनंतर बरोबरी असल्यास निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळवले जातात.

अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत ३० संघ आहेत. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन गटांत त्यांची विभागणी होते. प्रत्येक संघ साधारण सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. त्यानंतर बाद फेऱ्या, दोन्ही लीगच्या अंतिम मालिका आणि अखेरीस दोन्ही लीगच्या विजेत्यांमध्ये ‘वर्ल्ड सिरीज’. शेवटच्या दोन्ही टप्प्यांत सातपैकी चार सामने जिंकणारा संघ मालिका जिंकतो. बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यँकीज हे दोन संघ एकाच लीगमध्ये, किंबहुना तिच्या एकाच उपगटात आहेत. दोन शहरांतील अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. त्यामुळे बोस्टनला विश्वविजेतेपदाकडे जाणारा रस्ता बहुतेक वेळा न्यूयॉर्कवरूनच जात असे.

शापाची जन्मकथा

वर्ल्ड सिरीज १९०३ मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद बोस्टननेच मिळवले. पुढे १९१२, १९१५, १९१६ आणि १९१८ मध्येही हाच संघ जिंकला. त्या काळात बोस्टनकडे बेब रूथ हा असामान्य खेळाडू होता. आधी पिचर म्हणून आणि नंतर बॅटर म्हणून त्याने खेळाचे स्वरूपच पालटले. संघाचे तत्कालीन मालक हॅरी फ्रेझी हे नाट्यनिर्माते होते. डिसेंबर १९१९ मध्ये त्यांनी रूथला यँकीजला विकले आणि जानेवारी १९२० मध्ये या व्यवहाराची घोषणा झाली. तोपर्यंत एकही विश्वविजेतेपद न मिळवलेल्या यँकीजने १९२३ मध्ये पहिले विजेतेपद पटकावले आणि २००० पर्यंत ही संख्या २६ वर नेली. बोस्टनच्या खात्यावर मात्र या काळात शून्य राहिले.

एवढा विरोधाभास समोर असताना दंतकथा तयार झाली नसती तरच नवल. रूथच्या ‘बँबिनो’ या टोपणनावावरून ‘बँबिनोचा शाप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. गंमत अशी, की हा शाप वाटतो तितका पुरातन नाही. बोस्टनमधील क्रीडा पत्रकार डॅन शॉनेसी यांनी १९९० मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून ही कथा घरोघरी पोहोचली. म्हणजे रूथला विकल्यानंतर तब्बल ७० वर्षांनी! त्यापूर्वीच्या चाहत्यांना पराभव ठाऊक होते, शापाची ही कथा नव्हे.

शापामागे दडलेली कारणे

वस्तुस्थिती अधिक रुक्ष आहे. फ्रेझी यांनी एकट्या रूथला विकले असते, तर कदाचित संघ सावरला असता. परंतु त्या सुमारास कार्ल मेज, वेट हॉइट, हर्ब पेनॉक, एव्हरेट स्कॉट असे अनेक खेळाडू बोस्टनमधून न्यूयॉर्कला गेले. यँकीजच्या १९२३ च्या विजेत्या संघाचा मोठा भाग पूर्वी बोस्टनचाच होता. घरातील भांडीकुंडी शेजाऱ्याला विकून नंतर त्याच्या पंगतीकडे पाहत बसावे, तसा हा प्रकार होता.

दुसरे कारण अधिक गंभीर आणि लाजिरवाणे आहे. एप्रिल १९४५ मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूची चाचणी घेण्यात आली. संघाने त्याला घेतले नाही. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, हाच रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत कोसळली. बोस्टनने मात्र आपले दार १९५९ पर्यंत उघडले नाही. त्या वर्षी पम्प्सी ग्रीन या संघाकडून खेळला, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान देणारा तो प्रमुख स्पर्धेतील सर्वात शेवटचा संघ ठरला होता. इतर संघ देशातील उत्तमोत्तम गुणवत्ता गोळा करीत असताना बोस्टनने एक तप स्वतःच्या हाताने वाया घालवले. या काळातील मालक टॉम यॉकी यांच्या नावाचा मैदानालगतचा रस्ता २०१८ मध्ये संघाच्याच विनंतीवरून पुन्हा ‘जर्सी स्ट्रीट’ करण्यात आला, तो याच इतिहासामुळे. रूथच्या शापाची कथा जितक्या आवडीने सांगितली गेली, तितक्या आवडीने ही कथा सांगितली गेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विजयाच्या उंबरठ्यावरून माघार

या सर्व वर्षांत बोस्टनचा संघ सतत दुबळा होता, असेही नाही. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ अशा चार वेळा तो वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला आणि चारही वेळा सातव्या सामन्यात हरला. १९८६ मधील सहाव्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध विजेतेपद अक्षरशः एका चेंडूवर आले होते. अखेरीस मूकी विल्सनने मारलेला साधा चेंडू बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला आणि सामना गेला.

त्यानंतर बकनरला वर्षानुवर्षे लोकांचा रोष सहन करावा लागला. वास्तविक तो चेंडू सुटला तेव्हा मेट्सने आधीच बरोबरी साधलेली होती आणि सातवा सामना अद्याप बाकी होता. त्या सामन्यातही बोस्टन ३-० असे आघाडीवर होते. एका माणसावर ६८ वर्षांचे ओझे टाकणे सोपे होते, म्हणून ते टाकले गेले. शाप आणि बळीचा बकरा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. विजेतेपदे परतल्यानंतर, २००८ मध्ये बकनरला फेनवे पार्कवर हंगामातील पहिल्या घरच्या सामन्याचा मानाचा चेंडू टाकण्यासाठी बोलावण्यात आले. प्रेक्षकांनी उभे राहून केलेला टाळ्यांचा कडकडाट बराच वेळ थांबला नाही. २०१९ मध्ये त्याचे निधन झाले.

ताजी जखम २००३ ची होती. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात बोस्टन आठव्या डावात यँकीजविरुद्ध ५-२ असे पुढे होते. पेड्रो मार्टिनेझ हा त्या काळातील सर्वोत्तम पिचर थकल्याचे दिसत असतानाही व्यवस्थापक ग्रेडी लिटल यांनी त्याला कायम ठेवले. यँकीजने बरोबरी साधली आणि अकराव्या डावात एरन बूनच्या होम रनने सामना जिंकला. चाहत्यांनी पुन्हा शापाचे नाव घेतले. संघाच्या कार्यालयाने मात्र निर्णयाकडे बोट दाखवले आणि लिटल यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही.

आकड्यांवर उभारलेला संघ

बदलाची सुरुवात नोव्हेंबर २००२ मध्येच झाली होती. थिओ एप्स्टीन हा अवघ्या २८ वर्षांचा तरुण संघाचा सरव्यवस्थापक झाला. आकडेवारीच्या आधारे खेळाचे नवे विश्लेषण मांडणारे बिल जेम्स यांना सल्लागार म्हणून घेण्यात आले. बॅटरने किती फटके मारले यापेक्षा तो किती वेळा बाद न होता बेसवर पोहोचतो, याला महत्त्व देण्यात येऊ लागले. वॉक मिळवणारा, संयमी खेळाडू बाजारात स्वस्त मिळत होता. डेव्हिड ऑर्टिझ हे त्याचे ठळक उदाहरण. मिनेसोटाने डिसेंबर २००२ मध्ये त्याला सोडून दिले होते. बोस्टनने त्याला साडेबारा लाख डॉलरला घेतले. हाच ऑर्टिझ पुढे या संघाचा आधारस्तंभ ठरला आणि २०२२ मध्ये त्याचा बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला.

२००३ च्या पराभवानंतर कर्ट शिलिंग हा कसलेला पिचर आणि अखेरचे डाव सांभाळणारा किथ फोक यांना करारबद्ध करण्यात आले. व्यवस्थापक म्हणून टेरी फ्रँकोना आले. अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जला आणण्याचा प्रयत्न मात्र फसला. मानधन कमी करून घेण्यास तो तयार असूनही खेळाडूंच्या संघटनेने हरकत घेतली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तो यँकीजकडे गेला.

खरी परीक्षा ३१ जुलै रोजी झाली. नोमार गार्सियापारा हा बोस्टनचा लाडका खेळाडू; १९९९ आणि २००० मध्ये लीगमधील सर्वोत्तम फलंदाजी सरासरी त्याचीच होती. परंतु दुखापतींनी त्याचे क्षेत्ररक्षण मंदावले होते. एप्स्टीन यांनी त्याला शिकागो कब्जकडे पाठवले आणि त्या बदल्यात ऑर्लँडो काब्रेरा व डग मिन्टकेविच हे क्षेत्ररक्षणात वाकबगार असलेले दोन खेळाडू मिळवले. त्याच दिवशी लॉस एंजेलिसकडून डेव्ह रॉबर्ट्स हा वेगवान धावपटूही घेतला. शहरात संतापाची लाट उसळली. पण पुढील ६० सामन्यांपैकी ४२ सामने बोस्टनने जिंकले. लोकप्रियतेपेक्षा गरज ओळखणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ होता. ८६ वर्षांच्या इतिहासात या एका व्यवहाराला जितके महत्त्व द्यावे तितके थोडेच, असे म्हणणे भाग आहे.

चार सामन्यांची कहाणी

साखळी टप्प्यात बोस्टनने ९८ आणि यँकीजने १०१ सामने जिंकले. उपविजेत्यांसाठी राखीव असलेल्या ‘वाइल्ड कार्ड’ जागेवरून बोस्टन पुढे गेले. अ‍ॅनाहाइमला ३-० असे नमवल्यानंतर लीगच्या अंतिम मालिकेत पुन्हा यँकीजशी गाठ पडली. पहिले तीन सामने यँकीजने १०-७, ३-१ आणि १९-८ असे जिंकले. सात सामन्यांच्या मालिकेत ३-० असे मागे पडलेल्या कोणत्याही बेसबॉल संघाने तोवर मालिका जिंकलेली नव्हती.

१७ ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात यँकीज ४-३ असे पुढे होते. नववा डाव आणि समोर मारियानो रिव्हेरा, म्हणजे अखेरच्या डावातील जगातील सर्वात भरवशाचा पिचर. केव्हिन मिलारला वॉक मिळाला. त्याच्या जागी धावण्यासाठी डेव्ह रॉबर्ट्सला पाठवण्यात आले. तो बेस चोरणार हे मैदानातील प्रत्येकाला ठाऊक होते. रिव्हेराने तीन वेळा चेंडू पहिल्या बेसकडे फेकून त्याला रोखण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर बॅटरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स धावला आणि निसटत्या फरकाने दुसऱ्या बेसवर सुरक्षित पोहोचला. बिल म्युलरच्या फटक्यावर त्याने बरोबरीची धाव पूर्ण केली. मध्यरात्र उलटल्यानंतर बाराव्या डावात ऑर्टिझच्या होम रनने ६-४ असा विजय मिळवून दिला.

रॉबर्ट्सची ही धाव हा चमत्कार मानला जातो. प्रत्यक्षात त्या हंगामात त्याने बेस चोरण्याच्या ४१ प्रयत्नांत ३८ वेळा यश मिळवले होते. जुलैमध्ये त्याला घेतले गेले ते अशाच एखाद्या क्षणासाठी. तो क्षण ऑक्टोबरमध्ये आला आणि संघ त्यासाठी सज्ज होता. त्यानंतरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये रॉबर्ट्सला एकदाही मैदानात उतरावे लागले नाही. पुढे व्यवस्थापक म्हणून त्याने लॉस एंजेलिस डॉजर्सला २०२०, २०२४ आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. पण बोस्टनमध्ये आजही त्याची ओळख त्या एका धावेने होते.

पाचवा सामना १४ डाव आणि ५ तास ४९ मिनिटे चालला. तोही ऑर्टिझच्याच फटक्याने ५-४ असा संपला. सहाव्या सामन्यात शिलिंग घोट्याच्या दुखापतीसह उतरला. निसटणारा स्नायुबंध जागेवर राहावा म्हणून डॉक्टरांनी त्याभोवती त्वचेला टाके घातले होते. मोज्यावर रक्ताचा डाग पसरत असताना त्याने सात डावांत एकच धाव दिली आणि बोस्टनने ४-२ अशी बाजी मारली. याच सामन्यात पंचांनी एकमेकांशी चर्चा करून दोन निर्णय बदलले आणि दोन्ही बोस्टनच्या बाजूने गेले. दैव खरोखरच विरोधात असते, तर असे घडते ना! सातव्या सामन्यात, २० ऑक्टोबर रोजी, जॉनी डेमनने दोन होम रन ठोकले. त्यातील एक चार धावांचा होता. यँकीजच्या मैदानावर बोस्टनने १०-३ असा विजय मिळवला.

वर्ल्ड सिरीज त्यामानाने एकतर्फी झाली. १०५ सामने जिंकून आलेल्या सेंट लुईस कार्डिनल्सला बोस्टनने ११-९, ६-२, ४-१ आणि ३-० असे सलग चार सामन्यांत हरवले. शेवटचा चेंडू फोकने अडवून मिन्टकेविचकडे फेकला. अखेरचा बाद झालेला एडगर रेंटेरिया तीन क्रमांकाची जर्सी घालत असे. बेब रूथचा क्रमांकही तोच होता! योगायोगांची आवड असणाऱ्यांना एवढा ऐवज पुरेसा होता. त्यानंतरच्या दिवसांत न्यू इंग्लंडमधील अनेक दफनभूमींत वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर रेड सॉक्सच्या टोप्या आणि झेंडे दिसू लागले. हा विजय पाहण्यासाठी जे उरले नव्हते, त्यांना ही बातमी कळवण्याचा तो मार्ग होता.

आनंदाच्या कडा

या हंगामाकडे केवळ भक्तिभावाने पाहणे मात्र योग्य नाही. बोस्टनला ‘गरीब बिचारा संघ’ ठरवण्याची पद्धत मुळातच फसवी आहे. यँकीजचा खेळाडूंवरील खर्च १८ कोटी डॉलरच्या पुढे होता हे खरे. पण १२ कोटींहून अधिक खर्च करणारे बोस्टन त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. वर्ल्ड सिरीजमधील सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या मॅनी रामिरेझवर २००९ मध्ये, दुसऱ्या संघाकडून खेळत असताना, प्रतिबंधित औषधाच्या प्रकरणी ५० सामन्यांची बंदी आली. त्यामुळे त्या काळातील अनेक पराक्रमांकडे नंतर संशयाने पाहिले जाऊ लागले, ही गोष्टही नाकारता येत नाही.

सर्वात वेदनादायक घटना मैदानाबाहेर घडली. यँकीजवरील विजयाच्या रात्री फेनवे पार्कबाहेर जमलेल्या गर्दीला पांगवताना पोलिसांनी झाडलेली मिरपुडीची गोळी लागून एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. ३० ऑक्टोबरच्या विजययात्रेला लाखो लोक लोटले. त्या कुटुंबाला मात्र त्या हंगामाची आठवण वेगळ्याच कारणाने राहिली. विजयाच्या बहुतेक वर्णनांत ही नोंद शेवटी येते किंवा येतच नाही.

शापानंतरचे बोस्टन

रेड सॉक्सने पुढे २००७, २०१३ आणि २०१८ मध्येही विजेतेपद मिळवले. एप्स्टीन शिकागो कब्जकडे गेले आणि त्या संघाची १०८ वर्षांची प्रतीक्षा २०१६ मध्ये संपली. कब्जच्या अपयशामागेही एका बोकडाच्या शापाची कथा सांगितली जात असे. एकाच व्यक्तीच्या कारकिर्दीत दोन शाप संपतात, तेव्हा ती व्यक्ती मांत्रिक असण्यापेक्षा तिची कार्यपद्धती अचूक असण्याची शक्यता अधिक असते.

बोस्टनच्या काही जुन्या चाहत्यांना पूर्वीच्या प्रतीक्षेची सर आजच्या सुबत्तेला नाही, असे वाटते. प्रतीक्षेने त्यांना इतर संघांच्या चाहत्यांपेक्षा वेगळी ओळख दिली होती, ती २००४ मध्ये संपली. ही हुरहुर समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यापायी शापाची कथा पुन्हा खरी मानण्याचे कारण नाही. १९४५ मध्ये रॉबिन्सनला परत पाठवणारी माणसे होती आणि २००४ च्या जुलैमध्ये रॉबर्ट्सला बोलावून घेणारीही माणसेच होती. बोस्टनच्या ८६ वर्षांचा ताळेबंद मांडायचा, तर तो या दोन निर्णयांपासून सुरू करावा लागेल.